रकाना एकवीस

तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?
हा प्रश्न मी शेवटी ठेवते.

खिडकीबाहेर कॅनबेराचं जुलैमधलं ऊन,
ताकाच्या निवळीसारखं.
कॉलिन ट्रेगेन्झा, वय त्रेपन्न, रडार दुरुस्त करतो.
कर्ज विचारलं, दारू विचारली,
लग्नाआधीची प्रकरणं आणि नंतरची.
सगळ्याची उत्तरं सरळ, पाढे म्हटल्यासारखी.

मग प्रत्येकाला सांगते ते त्यालाही सांगितलं:
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि तो सव्वा लाख वसूल करायला
बाहेर कुणीतरी टपलेलं असतं.
इथे उघडा. उघड्या मुठीला गिऱ्हाईक नाही.

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
म्हणाला, अठ्ठ्याण्णव साली, यंग गावाबाहेर,
गाडी मी चालवत होतो.
सायकलवाला जगला. पाय गेला त्याचा.
पोलीस येईपर्यंत थोरला भाऊ
माझ्या सीटवर सरकून बसला होता.
डग. चौदा महिने आत.
"तुला आत्ताच नोकरी लागलीय," एवढंच बोलला.

कुणाला माहीत आहे?
त्याला. मला.
जरा थांबून: आता तुम्हाला.
बायकोला?
नाही.

काय मागतो तो? पैसे? कागदपत्रं?
माझं पेन तयार होतं.

काहीच नाही. दर डिसेंबरात चेरींची पेटी पाठवतो.
पाच किलो. सोबत चिठ्ठी नसते.
बायको म्हणते, किती जीव आहे गं बाई भावाचा.
पोरं अंगणात बिया थुंकायची शर्यत लावतात.
मी म्हणतो, दात दुखतोय.
सव्वीस पेट्या झाल्या.
एकदा तरी काही मागायला हवं होतं त्याने.

एकोणीस वर्षं हे काम करतेय.
फोटो पाहिलेत, पत्रं,
दुसऱ्या घराच्या किल्ल्या.
धमकीत कुठेतरी एक आकडा असतोच.

हे मला वर कळवावं लागेल, मी म्हटलं.
माहीत आहे. त्यासाठीच अर्ज केला.
नोकरीसाठी नाही?
नोकरी काय, आहेच की एक.

आणि डगला विचारलंत?
खोटी कबुली त्याचीही निघेल.

एवढ्या एका उत्तराला त्याला वेळ लागला.
त्या वेळात मी रकाना एकवीसमध्ये
'आहे'वर खूण केली,
आणि 'स्वरूप'च्या पुढे,
खोडायचं ठरवूनच,
लिहिलं: चेरी, पाच किलो.