मागचा माणूस

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही जमतो,
ससून डॉकच्या फाटकाबाहेर, सव्वापाचला,
टपरीवर पहिला चहा उकळतो तेव्हा.
कधी सहा जण, कधी चार.
कुणाचंच पोट याच्यावर नाही.
मी विक्रीकरात कारकून, यास्मिन दळवी दातांची डॉक्टर,
घोन्साल्विस वसईहून बुलेटवर येतो
आणि नाचणेकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त,
तेवीस वर्षं एकाच लेन्सशी एकनिष्ठ.

काका सांगतात:
मुंबईत कॅमेऱ्याचा वैरी चोर नव्हे, हवा.
बुरशी भिंगाला आतून खाते, कळतसुद्धा नाही.
तांदळाच्या डब्यात ठेवू नका, भुकटी शिरते.
हवाबंद डबा घ्या, सिलिकाचे दाणे घाला,
निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर परता, मंद आचेवर,
आणि त्या तव्यावर पुन्हा पोळी भाजू नका
(हे काकूंनी सांगायला लावलंय).

यास्मिन म्हणते, फोकस डोळ्यावर. दात नंतर.

घोन्साल्विस म्हणतो, बर्फावर पाय घसरला
तर कॅमेरा वर धरायचा.
हाड जुळतं.

आणि मला सगळे मिळून सांगतात:
पार्श्वभूमी साफ ठेव गं.
तुझ्या प्रत्येक फोटोत कुणीतरी मागून डोकावतं,
कुणाच्या डोक्यातून खांब उगवतो,
कुणाच्या कानात क्रेन.

म्हणून एकदा भिंग पुरतं उघडलं.
गुलाबबाय तांडेल, हातात सुरमई,
मागचं सगळं वितळलेलं,
दिव्यांची नुसती बुंदी.
काकांनी चष्मा काढून पाहिला.
ते असं क्वचित करतात.

प्रिंट काढली, आठ बाय बारा, मॅट.
गुलाबबायने हात पदराला पुसले, तरी
कडांनाच धरली.
आधी मासा पाहिला.
"शिली दिसते," म्हणाली.
"डोला बग तिचा. ताज्या म्हावऱ्याचा डोला
असा पांढरा नसतो गो."
यास्मिनने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे.

स्वतःचा चेहरा तिने पाहिलाच नाही.
बोट सरकलं कोपऱ्यात,
जिथे मी काहीच ठेवलं नव्हतं:
एक निळा डाग, त्यावर टोपीएवढा लाल ठिपका.

"ह्यो दामा."

कशावरून, काकांनी विचारलं.

"उभा कसा हाय बगा. एका पायावर दुसरा. बगला मेला.
साडेअकराशे देणं हाय माजं, पापलेटाचं,
आन् सांगतो, त्या रविवारी मी गावाला होतो."

तिने तारीख विचारली, मी सांगितली.
फाइलीत सगळं असतं,
तारीख, वेळ, शटरचा वेग.
दामा नसतो.

बर्फाच्या पेट्यांमधून ती पुढे, आम्ही चौघे मागे,
आणि एकानेही कॅमेरा उचलला नाही
(घोन्साल्विस अजून हळहळतो).
दामाने फोटो उलटा धरला, मग सुलटा,
म्हणाला, ह्यो मी नाय, ह्यो तर डाग हाय.
आणि म्हणता म्हणता
एक पाय दुसऱ्यावर ठेवला.

सातशे तिथल्या तिथे मिळाले.
बाकीचे येतील म्हणतो, होळीनंतर.

तेव्हापासून मी भिंग आठवर ठेवते, कधी अकरावर.
पहाटेच्या उजेडात दाणा येतो, रव्यासारखा,
फोटोत माणसं मावत नाहीत.
काका म्हणतात, गर्दी झालीय.
यास्मिन म्हणते, नजर ठेवू कुठे?
गुलाबबाय प्रत्येक प्रिंट मागून घेते
आणि आधी कोपरे बघते.

मासा मात्र अजून शिळाच येतो.
त्यावर कुणाकडेच सल्ला नाही.