खांद्यावरचं साल

पहिला धडा धरण्याचा.
नाणं कडेनं धरायचं, चिमटीत,
तोंडाला बोट लावायचं नाही.
"आज काही दिसणार नाही," आयनार ट्वेट म्हणाला,
"वीस वर्षांनी ठसा उगवेल, तपकिरी,
आणि तो तुझा असेल."

दुसरा धडा उजेडाचा.
सगळे दिवे बंद, एकच बल्ब.
नाणं हळूहळू कलतं करत जायचं.
न वापरलेल्या चांदीवर उजेड गोल फिरतो,
चाकाचे आरे फिरावेत तसा,
आणि जिथे अडखळतो
तिथे कुणीतरी खिशात हात घातलेला असतो.

तिसरा शब्दांचा. तो मला जड गेला.
सत्तर पायऱ्या. सत्तरावीवर
टांकसाळीतून थेट आलेलं, कुणी न खर्चलेलं.
चौथीचं नाव 'गुड'.
गुड म्हणजे चेहरा गेलेला, केस गेलेले,
बाह्यरेषा तेवढी जागेवर.
पहिलीला 'पुअर' म्हणतात.
तिच्याही खाली जागा आहे, तिला नाव नाही.
"गिऱ्हाइकाला आकडा सांग," आयनार म्हणायचा,
"शब्द सांगितलास तर तो खूश होतो,
मग आपली पंचाईत."

नोव्हेंबरात डुलुथला साडेचारलाच अंधारतं.
सरोवरावरचा वारा दाराला धरून आत येतो.
त्याच्याबरोबर मार्लिस हाउकोस आली,
कॉफीचा पत्र्याचा डबा पोटाशी धरून.
एकोणचाळीस चांदीचे डॉलर, आरशासारखे लख्ख.
"रात्रभर बसले होते.
खायचा सोडा, जुना टूथब्रश.
परक्यापुढे काळे कसे ठेवायचे?"

आयनारनं भिंग उचललं आणि तसंच ठेवून दिलं.
बारीक ओरखडे, सगळे एकाच बाजूला झुकलेले,
उजव्या हाताच्या, मन लावून घासणाऱ्या बाईचे.
शंभर वर्षांत धरलेली निळी-काळी साय
एका रात्रीत सिंकमधून गेली होती.
हे त्यानं तिला सांगितलं नाही.
वजनाचा भाव सांगितला.
मी काट्याकडे बघत राहिलो.

मग हातमोज्यातून तिनं आणखी एक काढलं.
पाच सेंटचं, गव्याचं.
गवा म्हणजे नुसता उंचवटा,
पलीकडच्या माणसाच्या खांद्यावर काहीच नाही.
"हे नाही घासलं. त्याच्या कोटातच राहिलं होतं."
हॅलवरचं. खनिजाच्या बोटीवर चाळीस वर्षं
त्याच्या अंगठ्याखाली.
"छत्तीस सालचं आहे. त्याच्या जन्माचं. बापानं दिलेलं."

"साल खांद्यावर कोरलं होतं," आयनार म्हणाला,
"नेमकं उंच जागी. म्हणून तेच आधी जातं."
खणातून त्यानं छोटी बाटली काढली.
"एक थेंब टाकला तर आकडे वर येतात.
धातू दाबला गेला तिथे आम्ल वेगळं चावतं.
पण डाग राहील,
आणि डागाळलेल्याला कुठलीच पायरी नाही."

"आता आहे का?"

"नाही."

"मग टाका."

आम्ही तिघं वाकलो.
एक. नऊ. तीन.
चौथा आकडा यायला वेळ लागला.

"सहा," ती म्हणाली.

"सात," आयनार म्हणाला.
आणि भिंग तिच्याकडे सरकवलं.

तिनं बराच वेळ पाहिलं.
रस्त्यावरून बर्फ ओढणारी गाडी गेली,
काचा थरथरल्या.
"बंदराला कधी लागणार ते पत्रात कळवायचा," ती म्हणाली,
"तेही असंच. एक दिवस इकडे नाहीतर तिकडे.
मी दोन्ही दिवस स्वयंपाक करायचे."

नाणं पुसून तिनं हातमोज्यात टाकलं,
वर हात घातला,
आणि पैसे न मोजताच गेली.

वहीत मी लिहिलं: डॉलर, एकोणचाळीस.
शेऱ्यात: धुतलेले.
खोडावंसं वाटलं, पण खोडलं नाही.

थेंबातला थोडा काउंटरवर सांडला होता.
अजून आहे तो तिथे.
सरळ पाहिलं तर दिसत नाही.