हात तुमचाच

ओझबेयच्या घरी पोचले तेव्हा
त्यानं आधी मधमाश्या दाखवल्या, संगणक नंतर.
बोहिन्यच्या उतारावर पेट्यांची भिंत,
पेटीपेटीच्या कपाळावर जुन्या रंगांची फळी.
एकीवर शिकाऱ्याची अंत्ययात्रा:
शवपेटी सशांच्या खांद्यावर, पुढे अस्वल,
आणि कोल्ह्यानं रडायचं सोंग छान वठवलेलं.

मी ल्युब्लियानाहून माफी मागायला आले होते.
बसमध्ये मसुदा तीनदा खोडला.
पहारा मी लिहिलेला. अकरा हजार ओळी.
रात्रभर तो किती चोर परतवले ते मोजी
आणि सकाळी मालकांना हिरव्या अक्षरांत हिशेब धाडी.
त्या हिरव्याचा मला गर्व होता.

फेब्रुवारीतला मंगळवार. बाहेर बर्फ.
ओझबेय संघाच्या साइटवर लॉगिन करून बसलेला,
लिंडनच्या मधाचा भाव बदलत होता, चौदा युरोचे पंधरा.
वाढवू की नको, या घोळात त्यानं दुसरा टॅब उघडला.
ईमेल होती: तुमच्या पेटीतही हाच रोग आहे का? फोटो पाहा.
त्यानं पाहिला.
फोटो खराच होता, कुजलेल्या अळ्यांचा.
तो हळहळत होता तेवढ्यात
त्या पानाच्या पोटातला एक न दिसणारा अर्ज
त्याच्याच ब्राउझरमधून, त्याचीच कुकी खिशात घालून
माझ्या पहारेकऱ्यापुढे जाऊन उभा राहिला.
दार उघडं ठेव. आजपासून रोज.

कोण?
ओझबेय.
ओळख?
ही घे.
शिक्का खरा, वेळ खरी, हात खरा.
त्यानं दार उघडं ठेवलं
आणि सकाळी हिरव्या अक्षरांत कळवलं: सर्व ठीक.

कुंपणानंच शेत खाल्लं, लोक म्हणाले.
नाही हो. कुंपण उपाशीच होतं.
मालकाच्या आवाजात कुणी म्हणालं, जरा सरक,
ते सरकलं.
तीन आठवडे मधाच्या भावाखाली
झोपेच्या गोळ्या विकल्या जात होत्या.

एक ओळ राहिली होती.
प्रत्येक अर्जाला एक खूण द्यायची,
आपल्याच पानावर जन्मलेली, बाहेरच्याला न कळणारी,
आणि अर्ज परत आला की म्हणायचं, खूण दाखव.
इतर प्रत्येक खिडकीवर मी ती मागितली.
किल्ल्या ठेवायच्या खोलीत मागायला विसरले.
खरं सांगायचं तर विसरले नाही.
इथे कोण येतंय, म्हणून पुढं ढकललं.
शुक्रवार होता.

हे सगळं त्याला सांगितलं. चहा निवला.
"म्हणजे हात माझाच?"
तुमचाच.
"नावही?"
हो.
"मग त्यात माझं काय नव्हतं?"

मसुद्यात याचं उत्तर नव्हतं.
मन, म्हणाले. तुम्ही केलं नाहीत, तुमच्या हातून झालं.
तो बराच वेळ कपाच्या कानाशी खेळत राहिला.
"मनातलं ओळखणारा पहारेकरी," तो म्हणाला,
"माझ्या बायकोला मिळाला असता तर..."
वाक्य तिथंच ठेवलं. फोटोतली बाई भलतीकडे बघत होती.

मग बाहेर येऊन त्यानं पेटीचं दार दाखवलं, बोटभर फट.
राखणीच्या माश्या येणाऱ्या प्रत्येकीला हुंगत होत्या.
"परकी माशी मधानं जड होऊन आली,
तर पुष्कळदा या तिला घरात घेतात.
चोर रिकाम्या पोटी येतो, घाईत येतो.
भरल्या हातानं येणारा चोर मी पाहिला नव्हता.
तुमच्यात असतात."

आत आल्यावर नवी आवृत्ती त्याच्यापुढे ठेवली.
बाकीचे सगळे टॅब त्यानं एकेक करून बंद केले,
हवामानाचासुद्धा.
बटणावर मेणानं पिवळं झालेलं बोट धरलं
आणि माझ्याकडे वळून विचारलं,
"हे आता मीच करतोय ना?"

दाबा, म्हणाले.
पडद्यावर मधाचा भाव अजून चौदाच होता.