पुसलेली सहा अक्षरं

कुमासीच्या बाजारात
सेरवा अडोमाकोनं घेतला
रॉटरडॅमहून कंटेनरनं आलेला संगणक.

पाठीवर स्टिकर,
पंचवीस अक्षरांची किल्ली,
त्यातली सहा कुणाच्या तरी अंगठ्यानं पुसलेली.

दुकानदार म्हणाला, पेटी तुझी.
आतलं मात्र पहिल्या मालकाच्या नावावर,
ते तुझ्या नावावर होत नाही.

गाय विकताना दावं मागे ठेवतात, ऐकलं होतं.
इथे धारच ठेवून घेतली.

रात्री बटण दाबलं
तर पडद्यावर: या, मारैके.
सेरवा अवघडली,
परक्या घरात चपलांसकट शिरल्यासारखी.

मग स्टूल ओढून
परवान्याची सेहेचाळीस पानं
वाचत बसली, पहिल्या ओळीपासून.
मारैकेनं कधी वाचली नसावीत.

'मान्य आहे'वर बाण
उजाडेपर्यंत लुकलुकत होता.