आईकडून

हमरानियाच्या बागेत राशिद बिन खमीस
खजुराच्या खोडाला कान लावतो
आणि मला बोटाने गप्प करतो.
आत कुणीतरी खातंय.
कच्चा ऊस दातांनी सोलावा, तसं.
भोकातून तपकिरी रस गळतो,
वास आंबलेल्या ताडीचा.

मफिझुल कुऱ्हाडीने खोड फोडतो.
अंगठ्याएवढ्या अळ्या, पांढऱ्या, बिनपायांच्या,
आणि तंतूंच्या कोशात तो एक,
गेरूच्या रंगाचा, लांब नाकाचा.
वेंगुर्ल्याला आम्ही याला सोंड्या म्हणतो.
आप्पा भोकात औषध ओतून
वरून चिकणमाती लिंपायचे.
मी हे सांगत नाही.
एक पाय कापते, अल्कोहोलमध्ये टाकते.

त्या पायातून निघतात सोळाएक हजार अक्षरं,
मुळाक्षरं चारच,
ओळ बांगडीसारखी, टोकाला टोक जुळलेली.
बापाचं यात काही नाही.
आईने दिलं, तिला तिच्या आईने,
जसंच्या तसं,
क्वचित एखादं अक्षर चुकवून.
त्या चुका मोजायच्या
आणि कोण कुणाची कोण, ते ठरवायचं.
याचा मला पगार मिळतो.

माझ्या नावात मधोमध आधी आप्पा होते, मग नवरा.
आईचं नाव कुणी विचारलं
ते थेट इथल्या व्हिसाच्या अर्जात.
द्वारका.
टायपिस्टने त्यातलं एक अक्षर चुकवलं.
आता कार्डावर तीच माझी आई.

रात्री एसी खडखडतो.
पडद्यावर वंशवृक्ष उगवतो, आडवा, बिनपानांचा.
नमुना एकवीस, हमरानिया.
त्याला चिकटून, दोनच अक्षरांच्या अंतरावर,
माझा किनारा.
मी पुन्हा चालवून बघते.
तेच येतं.

शनिवारी राशिद काहवा ओततो.
"कुठून आलाय हा?"
टॅक्सीवाले मला विचारतात त्याच सुरात.
"माझ्याकडचा," मी म्हणते.
"कुणीतरी शोभेची झाडं मागवली असतील.
हा आपणहून कशाला येतोय."
तो कप हलवत राहतो, पुरे म्हणून.
"मग परत पाठवता येईल?"
"आता याच्या नातींच्या नाती इथल्याच."
मफिझुल खड्ड्यात खोडाचे तुकडे जाळतोय,
ओलं आहे, धूरच जास्त.

निघताना राशिद ओंजळभर खलास देतो.
चार मी तिथेच खाते.
बिया रुमालात बांधते, वेंगुर्ल्यासाठी.
विमानतळावर काढून घेतील,
हे माझ्याइतकं कुणाला माहीत?
तरी बांधते.