कुंपणाच्या अलीकडे

झाड टनिक्लिफचं.
सावली माझी,
पाचोळा माझा, पन्हळ तुंबते तीही माझीच,
आणि ऑक्टोबर लागला की
रात्री शेडच्या पत्र्यावर
धाडकन आदळणारं प्रत्येक सफरचंद,
त्याच्या वकिलाच्या पत्राप्रमाणे,
पडलं तरी त्याचं.

ते पत्र मी फ्रिजवर लावलंय,
बदकाच्या चुंबकाखाली.

अकरा वर्षं आम्ही बोललो नाही.
म्हणजे एकदा बोललो:
'कचऱ्याची गाडी उद्या नाही, परवा.'
'बरं.'

यंदा तो काठी घेऊन चालतो.
टोपली घेऊन वेचायला आला नाही.
फळं गवतात पडून राहिली,
गोगलगायी आत शिरल्या,
गांधीलमाश्या पिऊन झिंगल्या
आणि माझ्याच दारात मला रस्ता देईनात.

गुरुवारी रात्रपाळी करून आले,
झोप येईना,
वॉर्डातल्या मिसेस ऑक्ली पहाटे गेल्या होत्या,
त्यांच्या चष्म्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.
बादली घेतली, बागेत उतरले.
चोरी. वेलिंग्टन बूट घालून, दिवसाढवळ्या.

हे ब्रॅम्ली कच्चं खाऊन बघावं कुणी.
दात आंबतात, एक डोळा आपोआप मिटतो.
दुकानातलं गोड सफरचंद शिजवा,
फोड शेवटपर्यंत फोडच राहते, ताठ.
हे आंबट मात्र
आच लागली की बसतंच खाली,
फेस होतं, काही म्हणजे काही धरून ठेवत नाही.

किडकं कापलं. निम्मं टाकलं, निम्मं राहिलं.
तेवढं पुरे होतं.

लोणी फ्रिजमधलं, दगडासारखं.
पीठ, ओट्स, खडबडीत तपकिरी साखर.
बोटांच्या फक्त टोकांनी चोळायचं;
तळहात लागला की लोणी पाघळलं.
मुठीत दाबलं तर गोळा व्हावा,
मूठ उघडली की सुटावा.
आणि मळायचं नाही.
माझी बहीण एव्हरिल मळते,
तिचं क्रम्बल कौलासारखं होतं,
सगळे छान म्हणतात, सुरी मागतात.
मळायचं नाही.
मी हे स्वतःशी मोठ्यानं म्हणत होते बहुतेक,
कारण मांजर उठून गेलं.

माझा ओव्हन डावीकडे जाळतो.
अर्ध्या वेळाला भांडं फिरवावं लागतं,
ते इनॅमलचं, कोपरा उडालेलं,
कडेनं गुलाबी रस वर येऊन
बुडबुडतो, करपतो, चिकटतो;
तोच भाग मी नेहमी उभ्यानं खरवडून खाते.
वास मात्र बसून राहत नाही.
खिडकीतून गेला, कुंपणावरून गेला,
त्याला वकिलाचं पत्र आलेलं नाही.

भर दुपारी, टॉवेलमध्ये गुंडाळून,
मी त्याच्या दारात.
दार उघडायला त्याला वेळ लागला.
स्वेटर उलटा घातलेला.
भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
'माझ्या झाडाची.'
'हो. म्हणून आणलं.'
'कस्टर्ड?'
'ते तुमचं तुम्ही करा.'
हसला असेल, नसेलही;
काठी एका हातात होती, भांडं दुसऱ्यात,
दार त्यानं कोपरानं लोटलं.

शनिवारी भांडं कुंपणाच्या खांबावर.
धुतलेलं, म्हणजे त्याच्या परीनं;
उडालेल्या कोपऱ्यात एक कण तसाच.
आत चिठ्ठी, बिलाच्या पाठीवर,
म्हातारं थरथरतं अक्षर:

दालचिनी जास्त झाली.
पुढच्या वेळी लवंग.

पुन्हा वाचली. उलटून बिलही वाचलं,
दूध, बॅटऱ्या, मांजराचं खाणं.
त्याच्याकडे मांजर नाही.
आमचं दुपारी कुठं जातं ते
असं कळलं.

चुंबक एकच आहे.
दोन्ही कागद त्याच्याखाली सरकवले;
पेलवत नाही त्याला,
बदक हळूहळू खाली घसरतं,
येता-जाता मी वर ढकलते.