अनोळखी उपकरण

दिवसभर मी माणसांच्या आरपार बघते.
बरगड्या, मणके, एखाद्या पोराने गिळलेलं नाणं.
आणि घरी आले की
बैठकीतून स्वयंपाकघरात साधा एक फोटो जात नाही.

हॅलिफॅक्सच्या चढावरचं हे घर, कधीकाळी विणकरांसाठी बांधलेलं.
दगड असा, की बाहेर वादळ फुटलं तरी आत दूध सांडत नाही.
भिंतींना कान असतात म्हणे.
आमच्या ठार बहिऱ्या.

पाच वर्षं जिन्याच्या चौथ्या पायरीवर काढली.
तिथे यायची रेंज.
निरंजन मीटिंगला, शाल्मली गृहपाठाला,
मी आईला चेहरा दाखवायला,
पाळी लावून, सकाळच्या न्हाणीघरासारखी.

मग तीन पांढरे डबे आले,
न वापरलेल्या साबणासारखे गुळगुळीत.
अ‍ॅप म्हणालं, नावं द्या.
निरंजनने दिली: ओटी, माजघर, माळा.
माळा आधी लाल, मग पिवळा, मग पुन्हा लाल.
मांजरीने पिल्लू हलवावं तसे आम्ही त्याला घेऊन फिरलो,
कपाटावर, खिडकीत, बुटांच्या खोक्यावर.
हेल्पलाइनवरच्या बाईने विचारलं, भिंत कशाची?
दगडाची म्हटल्यावर ती जरा वेळ गप्प झाली,
कुणी गेल्याचं कळावं तशी.
शेवटी "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून" म्हणत
निरंजनने मूळ डबाच तळघरातून वर आणला,
आणि रविवारी पावणेचारला माळा पांढरा झाला.
तीन मजल्यांवरून आम्ही तिघं ओरडलो, आलं! आलं!
आवाज तर आधीही पोचत होता की,
हे तेव्हा लक्षात आलं.

चौथ्या पायरीवर आता घड्या घातलेले कपडे असतात.

मग ती यादी.
आमची अकरा उपकरणं, आणि बारावं अनोळखी.
रोज रात्री दोन चाळीसला येतं,
माळ्याला चिकटतं, तीनला जातं.
कुणी मागच्या दाराने येऊन पाणी पिऊन जावं तसं.
त्याच्या नावाखाली लाल अक्षरांत: ब्लॉक करा.
अंगठा तिथवर गेलाही होता.

"अगं, ते बॅराक्लफ आजोबा," शाल्मली म्हणाली,
टोस्टवर लोणी फासत, वर न बघता.
"त्यांचं कनेक्शन नोव्हेंबरपासून तुटलंय.
मुलगा पर्थला क्रेन चालवतो,
त्याची चहाची सुट्टी म्हणजे आपली मध्यरात्र.
मीच दिला पासवर्ड. कुंपणावरून, एकेक अक्षर.
शेवग्याच्याशेंगा.
ते म्हणाले, हे कुठलं गाव गं?"

मी वर जाऊन भिंतीवर टिचकी मारली.
माळ्यावर दोन घरांच्या मध्ये एकाच विटेची भिंत, वर प्लास्टर.
माझ्याच दोन खोल्यांत जे अडून बसतं
ते त्यांच्याकडे अनवाणी जातं.

लहानपणी शेजारच्या टिपणीसकाकू वाटी घेऊन यायच्या,
विरजणाला चमचाभर दही.
आमचं बिघडलं की आई त्यांच्याकडे जायची.
मूळ दही कुणाचं,
हे दोन्ही घरांत कुणालाच सांगता आलं नसतं.
कमी झालं, असंही कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

अंगठा जरा वर सरकवला. नाव बदला.
विरजण, असं टाइप केलं.
निरंजनला अजून सांगितलेलं नाही, तो वेगाचे आकडे मोजत असतो.

काल उशिराची ड्युटी संपवून आले.
बूट हातात घेऊन वर गेले, शाल्मलीचा दिवा विझवायला.
भिंतीपलीकडे एक म्हातारा मोठ्याने बोलत होता,
गुडघा, गटार, कुणाच्या तरी कुत्र्याचं बाळंतपण.
मग मध्येच अडखळला.
"डेव्हिड? येतंय का ऐकू? डेव्हिड?"
माळा पिवळा झाला होता.
मी डबा उचलून भिंतीच्या आणखी जवळ ठेवला,
आणि अंधारात, हातात बूट तसेच धरून,
तो पांढरा व्हायची वाट बघत उभी राहिले.